दगड हातात घेऊन शिलारसाचा प्रवास कसा वाचावा

अग्निजन्य खडकाचा तुकडा हाती आला की नवशिक्या आधी नाव विचारतो. नाव शेवटी येते. त्याआधी शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, कुठे वितळला, कोणत्या वाटेने वर आला, कुठे थबकला आणि किती वेळात थिजला, हे दगडावरून वाचायचे असते. ते जमले की नाव फारसे शोधावे लागत नाही. 'काळा म्हणजे बेसॉल्ट, गुलाबी म्हणजे ग्रॅनाइट' हा ठोकताळा पुष्कळदा बरोबर निघतो आणि घात तिथेच होतो. ज्या दिवशी ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेचा काळाभोर तुकडा समोर येईल, त्या दिवशी हा ठोकताळा तुम्हाला थेट उलट्या टोकाला नेऊन सोडेल.

सोबत एवढे घ्या: दहापट मोठे दाखवणारे भिंग, चौकोनी तोंडाचा भूशास्त्राचा हातोडा, डोळे झाकणारा संरक्षक चष्मा, पोलादी चाकू, मिलिमीटरची पट्टी, लहान चुंबक, थेंबनळीच्या बाटलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, वही आणि पेन्सिल. एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा वजनकाटा घरी असू द्या.

आधी थोडे पोटातले: रस येतो कुठून

कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे, हे चित्र डोक्यातून काढून टाका. कवचाखालचे प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात. द्रव आहे तो बाह्य गाभा, सुमारे २,९०० किलोमीटर खोल, आणि तोही मुख्यतः लोखंडाचा. ज्वालामुखीतून येणारा रस तिथून येत नाही.

मग घन प्रावरण वितळते कसे? तीन प्रकारे, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे नुसते तापवण्याचे नाही. वर सरकणाऱ्या प्रावरणावरचा दाब उतरत जातो. ते स्वतः दर किलोमीटरला अर्ध्या अंशाइतकेसुद्धा निवत नाही, पण त्याचा वितळणबिंदू दर किलोमीटरला तीन-चार अंशांनी खाली येतो. वितळणबिंदू उतरत उतरत खडकाच्या तापमानापाशी आला की वितळणे सुरू होते, बाहेरून उष्णता मिळालेली नसतानाही. मध्यसागरी पर्वतरांगांखाली हेच चालते. तिथे प्रावरणाचा साधारण दहावा हिस्सा वितळतो आणि त्यातून ६-७ किलोमीटर जाडीचे महासागरी कवच घडते.

दुसरे कारण पाणी. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तेव्हा त्याच्या खनिजांत बांधलेले पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरते आणि त्याचा वितळणबिंदू काही शे अंशांनी पाडते. बुडत्या पट्टापासून साधारण १०० किलोमीटर वर ज्वालामुखींची ओळ उभी राहते ती यामुळे. तिसरे कारण सरळ उष्णतेचे: वर आलेला बेसॉल्टी रस कवचाच्या तळाशी साचतो आणि तिथला खडक वितळवतो.

यातली एक गोष्ट पुढे सतत लागेल. खडक सगळा एकदम वितळत नाही. सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) जास्त असलेला भाग आधी सुटतो, म्हणून रस साधारणपणे मूळ खडकापेक्षा सिलिकाने श्रीमंत असतो. प्रावरणातल्या पेरिडोटाइट या खडकातून बेसॉल्टी रस निघतो तो याच कारणाने.

रसाची वाट

सुरुवातीला रस म्हणजे खनिजकणांच्या कडांवरची ओल. एक-दोन टक्के वितळले तरी या ओलीचे धागे एकमेकांना जोडले जातात. भोवतालच्या खडकाची घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये) सुमारे ३.३ आणि रसाची २.७-२.८, म्हणून तो वर झिरपू लागतो. हा प्रवास अतिशय संथ असतो. वरच्या थंड, ठिसूळ खडकात मात्र झिरपून भागत नाही, तिथे रस भेग पाडून चालतो. ती भेग भरून थिजली की तिला डाइक म्हणतात.

भेग कुठल्या दिशेला उघडेल हे जमिनीतला ताण ठरवतो: ज्या दिशेने दाब सर्वांत कमी, त्या दिशेला भिंती सरकतात. म्हणून रस सरळ वरच जातो असे नाही. आइसलँडमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीखालून निघालेला रस दोन आठवड्यांत ४५ किलोमीटरहून जास्त अंतर आडवा गेला आणि मग होलुह्राउनला बाहेर पडला. त्याच्या पुढे पुढे सरकणारे छोटे भूकंप रोज नकाशावर मांडले जात होते. कुठल्याही भागातल्या डाइक बहुतेक एकाच दिशेने धावताना दिसल्या, तर रस आला त्या काळातल्या ताणाची दिशा तुम्हाला आयती मिळाली.

वाटेत तो थबकतो. वर कठीण थर लागला, भोवतालची घनता त्याच्याइतकीच झाली किंवा भेगेतला दाब संपला, की तो थरांच्या मधे आडवा पसरतो. ही सिल. पुन्हा पुन्हा रस येऊन एकाच जागी साचला तर कोठी तयार होते. पण 'कोठी' शब्दाने फसू नका. द्रवाने काठोकाठ भरलेली पोकळी क्वचितच असते. बहुतेक वेळ तिथे स्फटिकांचा रगडा असतो आणि फटींत रस. स्फटिक निम्म्याच्या वर गेले की ते एकमेकांत अडकतात, मग तो रगडा वाहत नाही आणि उद्रेकही होत नाही. वर उरलेल्या निखळ रसाच्या कप्प्याचा ठाव लागणे किती अवघड, त्याचा एक नमुना: २००९ मध्ये आइसलँडच्या क्राफ्ला इथे भूऔष्णिक विहीर खोदताना अवघ्या २.१ किलोमीटरवर छिद्रणयंत्र अनपेक्षितपणे रायोलाइटी, म्हणजे ग्रॅनाइटच्याच घडणीच्या, रसात शिरले.

आता नवशिक्यांना हमखास पडणारे कोडे. ग्रॅनाइटी रस हलका असतो, तरी तो बहुतेक जमिनीतच का थिजतो? आणि जड बेसॉल्टी रस बाहेर का येतो? एक कारण घट्टपणाचे. बेसॉल्टी रस पाण्याच्या दहा हजार ते लाख पट घट्ट असतो, रायोलाइटी रस अब्जावधी पट. दुसरे कारण पाण्याचे, आणि ते जास्त मजेचे आहे. सुमारे ४ किलोमीटर खोलीवर असा रस वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत पाणी विरघळवून ठेवू शकतो. वर येताना दाब उतरतो, पाणी वाफ होऊन सुटते आणि पाण्याबरोबर वितळणबिंदू खाली ठेवण्याची सोयही जाते. ६५०-७०० अंशांना द्रव राहिलेला रस कोरडा पडल्यावर ९०० अंशांच्या वरच थिजू पाहतो. म्हणजे तो निवल्यामुळे नव्हे, वर आल्यामुळे थिजतो. सुटलेल्या वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर मात्र तोच रस स्फोटाने फुटतो, आणि हाती येतो तो पाण्यावर तरंगणारा फेसाळ दगड, प्युमिस.

पायरी १: दगड उचलण्याआधी जागा पाहा

सुटा धोंडा उचलून आणला की निम्मी माहिती जागेवरच राहिली. खडक जिथे मुळात आहे तिथे उभे राहून कडा शोधा.

डाइक भोवतालच्या थरांना छेदून जाते, सिल थरांना समांतर असते. दोन्हींच्या कडेला बारीक कणांची, कधी काचेसारखी पट्टी दिसते, कारण गरम रस थंड खडकाला टेकला तिथे तो झटकन थिजला. कडेपासून मध्यापर्यंत दर २० सेंटिमीटरला कणांचा आकार मोजून लिहा. कण मध्याकडे मोठे होत गेले तर हा खडक इथेच, आत थिजला.

सिल आणि जुना लाव्हाप्रवाह यांत गल्लत सर्वाधिक होते, कारण दोन्ही आडवेच असतात. वरची कड तपासा. सिलने वरचा आणि खालचा असे दोन्ही खडक भाजलेले असतात. लाव्हा वाहिला तेव्हा त्याच्या वर काहीच नव्हते, त्यामुळे फक्त खालची जमीन भाजते. लाव्ह्याचा माथा फेसाळ, छिद्रांनी भरलेला असतो आणि दोन प्रवाहांच्या मधे कित्येकदा तांबडा मातकट थर सापडतो. मधल्या काळात झिजून तयार झालेली ती जमीन. वरच्या खडकाचे तुकडे खालच्या खडकात अडकलेले दिसले तर वाद मिटला: खालचा नंतर घुसला आहे.

खांबांसारखे पडलेले सांधे दिसले तर त्यांची दिशा टिपा. आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेसारखे हे खांब निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. आडव्या प्रवाहात ते उभे, उभ्या डाइकमध्ये आडवे. आडव्या रचलेल्या ओंडक्यांसारखे दिसले तर डाइकचा संशय घ्या.

पायरी २: ताजा भाग उघडा

बाहेरची साल काही सांगत नाही, उलट खोटे सांगते. बेसॉल्टची साल तपकिरी पडते, तर ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार (त्यातले मुख्य फिके खनिज) झिजून पांढऱ्या मातीसारखा होतो. चष्मा लावा, जवळच्यांना दूर करा आणि कोपरा हेरून एक ठोका द्या. हातोड्यावर हातोडा कधीच मारू नका, कडक पोलादाचा कपचा गोळीसारखा उडतो. मुठीएवढा तुकडा पुरे. त्यावर क्रमांक, ठिकाण आणि वरची बाजू तिथेच लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हटले की दोन नमुने अदलाबदल झालेच समजा.

पायरी ३: कण मोजा, वेळ काढा

ताजा भाग भिंगाखाली धरा. भिंग डोळ्याला चिकटवायचे आणि दगड जवळ आणायचा, उलटे नव्हे. १ मिलिमीटरपेक्षा लहान कण म्हणजे बारीक, १ ते ५ म्हणजे मध्यम, त्यापुढे जाड.

कणांच्या आकारामागे निवण्याचा वेळ आहे आणि त्याचा अंदाज बोटांवर काढता येतो. रसाच्या पट्ट्याची निम्मी जाडी मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ३० ने भागा. उत्तर वर्षांत येते. १ मीटरची डाइक तीन दिवसांत, १० मीटरची सुमारे दहा महिन्यांत, १०० मीटरची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत आणि १ किलोमीटरची आठ हजारांहून अधिक वर्षांत. जाडी दुप्पट तर वेळ चौपट.

हे सूत्र फक्त खडकातून वाहून जाणारी उष्णता धरते. पाणी आत शिरले की ते कोसळते. हवाईतल्या किलाउएया इकी या विवरात १९५९ साली शंभर मीटरहून खोल लाव्ह्याचे तळे साचले. सूत्राप्रमाणे ते थिजायला शतकभर लागायला हवे होते. प्रत्यक्षात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते थिजले, कारण पावसाचे पाणी भेगांतून उतरून वाफेबरोबर उष्णता घेऊन जात होते. म्हणून सूत्राचे उत्तर 'दिवस, महिने की हजारो वर्षे' एवढेच सांगते असे धरा.

दुसरी अडचण: 'संथ निवला म्हणून कण मोठे' हेही अर्धेच खरे. थिजताना नवे स्फटिक सुरू होणे आणि जुने वाढणे यांची चढाओढ असते. नवे थोडेच सुरू झाले तर असलेले मोठे होतात. पेग्माटाइट या अतिशय जाड कणांच्या खडकात हातभर, कधी माणसाहून उंच स्फटिक असतात, पण या शिरा बऱ्याचदा अरुंद असतात. पाणी, बोरॉन, फ्लोरिन यांनी रस पातळ केलेला असतो, नवे स्फटिक कमी सुरू होतात आणि असलेल्यांना माल भराभर पोचतो. पेग्माटाइट पाहून 'लाखो वर्षे निवला' असे लिहिणे ही चूक नवशिक्यांपुरती मर्यादित नाही.

बारीक आधारकात, म्हणजे भोवतालच्या बारीक कणांच्या भागात, मोठे स्फटिक विखुरलेले दिसले तर रस दोन टप्प्यांत निवला आहे: आधी खोल जागी हळूहळू, नंतर वर घाईने. त्या मोठ्या स्फटिकांच्या कडा नीट पाहा. कडा सरळ असतील तर रसाशी त्यांचे जमले होते. कुरतडलेल्या, गोलसर असतील तर वाटेत परिस्थिती पालटली, बहुधा दुसरा गरम रस येऊन मिसळला. मोठा स्फटिक म्हणजे सर्वांत आधीचा, हे मात्र नेहमी खरे नसते. ग्रॅनाइटमधला बोटभर पोटॅश फेल्डस्पार तसा उशिरा सुरू होतो, पण संख्येने कमी असल्याने फोफावतो.

पायरी ४: खनिजे ओळखा

तीन-चार खनिजे नीट ओळखता आली की बहुतेक काम होते.

गार (क्वार्ट्झ) आणि फेल्डस्पार वेगळे करायला दगड उजेडात हळूहळू फिरवा. फेल्डस्पार सपाट पाटनावर (खनिज ज्या पातळीत सरळ फुटते तिच्यावर) आरशासारखा लकाकतो आणि विझतो. गारेला पाटन नाही, ती काचेच्या फुटलेल्या तुकड्यासारखी राखाडी, तेलकट चमकते. चाकूने दोन्ही ओरखडले जात नाहीत, त्यामुळे ती चाचणी इथे वाया. पोटॅश फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज या दोन फेल्डस्पारांत फरक करताना रंगावर विसंबू नका, प्लॅजिओक्लेजच्या पाटनावर भिंगातून दिसणाऱ्या बारीक समांतर रेघा शोधा. त्या दिसल्या तर नक्की प्लॅजिओक्लेज. दिसल्या नाहीत तर दुसरा कण पाहा.

काळ्या खनिजांत बायोटाइट सोपा, चाकूच्या टोकाने पापुद्रे निघतात. पायरोक्सिन आणि हॉर्नब्लेंड यांत पाटनांचा कोन पाहायचा: पायरोक्सिनमध्ये जवळजवळ काटकोन, हॉर्नब्लेंडमध्ये ५६ आणि १२४ अंश. ऑलिव्हिन हिरवट-पिवळे, दाणेदार, पाटन नसल्यासारखे. झिजले की गंजल्यासारखे तांबूस होते.

हे कुठल्या क्रमाने थिजतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगशाळेच्या भट्टीत दाखवले: ऑलिव्हिन, मग पायरोक्सिन, हॉर्नब्लेंड, बायोटाइट. समांतर चालीने प्लॅजिओक्लेज कॅल्शियमकडून सोडियमकडे सरकते. पोटॅश फेल्डस्पार आणि गार शेवटी. यातून एक खटका तयार ठेवा: मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिन आणि गार एकाच रसात एकत्र राहू शकत नाहीत, सिलिका शिल्लक असेल तर ती ऑलिव्हिनचे पायरोक्सिन करून टाकते. दोन्ही दिसली तर एकतर ओळख चुकली, नाहीतर एखादे खनिज परके आहे.

बेसॉल्टमधले पांढरे ठिपके हा नेहमीचा सापळा. गोल किंवा बदामी आकाराचे असतील तर ती वायूची पोकळी आहे, नंतर पाण्याने आणलेल्या खनिजांनी भरलेली. रसाच्या रासायनिक घडणीशी त्यांचा संबंध नाही. आम्लाचा थेंब टाका: फसफसले तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट किंवा गारेचा प्रकार. सरळ कडांचे, लांबट ठिपके असतील तर ते प्लॅजिओक्लेज, म्हणजे रसातून वाढलेले.

पायरी ५: घनता काढा

कण इतके बारीक की भिंगालाही दाद देत नाहीत, तेव्हा घनता कामी येते. दगडाचे वजन करा. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान. वजन ३१२ आणि आकडा १०५ आला तर घनता २.९७.

ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास, डायोराइट २.८, बेसॉल्ट आणि गॅब्रो २.९ ते ३.१, पेरिडोटाइट ३.२ च्या वर. दगड आधी पाच-दहा मिनिटे भिजवून बुडबुडे झटकून टाका. तुकडा १०० ग्रॅमपेक्षा लहान घेऊ नका, नाहीतर एका ग्रॅमची चूक निकालात तीन टक्क्यांची होते. छिद्राळ किंवा झिजलेला नमुना या चाचणीला द्यायचाच नाही.

पायरी ६: आता नाव

सिलिका ४५ टक्क्यांखाली, ४५ ते ५२, ५२ ते ६३ आणि ६३ च्या वर असे चार गट आहेत. पहिल्यात पेरिडोटाइट येतो. बाकीच्यांच्या बारीक-जाड जोड्या लक्षात ठेवा: दुसऱ्यात बेसॉल्ट-गॅब्रो, तिसऱ्यात अँडेसाइट-डायोराइट, चौथ्यात डेसाइट-ग्रॅनोडायोराइट आणि रायोलाइट-ग्रॅनाइट. घडण तीच, थिजण्याची जागा वेगळी. ऑब्सिडियन काळा असूनही साधारणपणे रायोलाइटी गटात बसतो. पातळ कड उजेडाकडे धरली तर ती अर्धपारदर्शक दिसते.

जाड कणांच्या फिक्या खडकाला सरसकट ग्रॅनाइट म्हणू नका. सपाट कापलेल्या भागावर पारदर्शक चौकटी कागद ठेवून १०० छेदबिंदूंखालची खनिजे मोजा. नजरेच्या अंदाजात काळी खनिजे नेहमी जास्त भरतात, म्हणून ही मेहनत. काळी वगळून गार, पोटॅश फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज यांची बेरीज १०० करा. गार २० ते ६० मध्ये असेल तर पुढे जा: दोन्ही फेल्डस्पारांत प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्के असेल तर ग्रॅनाइट, ६५ ते ९० असेल तर ग्रॅनोडायोराइट, त्यावर टोनालाइट. समजा गार २५, पोटॅश फेल्डस्पार १२, प्लॅजिओक्लेज ४८, बायोटाइट १५ बिंदू आले. बायोटाइट काढून गार २९ टक्के, प्लॅजिओक्लेजचा वाटा ८०. हा ग्रॅनोडायोराइट, गुलाबी छटा असली तरी.

वहीतली नोंद साधारण अशी दिसावी:

'नमुना ७. उभी डाइक, रुंदी ४ मीटर, थरांना छेदते. कडेला २ सेंटिमीटर काचेसारखी पट्टी. मध्यावर कण १ ते २ मिलिमीटर. लांबट फिकी खनिजे, रेघा दिसतात, प्लॅजिओक्लेज. काळी खनिजे, पाटन काटकोनात, पायरोक्सिन. चुंबकाला किंचित ओढ. गार नाही. घनता २.९६. थिजण्याचा अंदाज सात आठवडे. नाव: डोलेराइट (बेसॉल्टचीच घडण, मध्यम कण). शंका: तांबूस ठिपके झिजलेले ऑलिव्हिन असावेत, ०.०३ मिलिमीटरचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.'